सुईला नाही म्हणणारी माणसं आणि सुई धरणारा हात

एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारलं आहे: "बॉण्डवर डोंगरी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन आठ महिने झाले. तीन गावं गोवर-रुबेलाची लस घ्यायला तयार नाहीत. एका गावात म्हणतात पोरं तापतात, दुसऱ्यात म्हणतात सुईने वंश बंद होतो, तिसऱ्यात काहीच बोलत नाहीत, नुसते उठून जातात. तालुक्याच्या बैठकीत 'हे लोक अडाणी आहेत, विज्ञानाचे वैरी आहेत, पोलीस पाटलाला सोबत न्या, रेशन थांबवायचा धाक दाखवा' असं सांगतात. उलट काही कार्यकर्ते म्हणतात की हा अन्यायाविरुद्धचा राग आहे. तसं असेल तर मग भूमका-भगतासारख्या गावच्या मांत्रिक-वैद्यांचं पण बरोबरच म्हणायचं का?"

डॉक्टर, रेशनचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. धान्य हा कायद्याने मिळालेला हक्क आहे, लस घेतल्याबद्दलची बक्षिसी नाही. धाकाने या महिन्याचा तक्ता भरेल, पण त्या गावात तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला पुढची दहा वर्षं बंद दारं मिळतील. मी १९९१ साली सातपुड्यातल्या एका केंद्रावर रुजू झाले, तेव्हा माझ्या आधीच्यांनी केलेल्या सक्तीचं व्याज मीच फेडत होते. कितीतरी वर्षं मला ते कळतसुद्धा नव्हतं.

कळलं ते एका खडूमुळे. २००० सालच्या जानेवारीतली पल्स पोलिओची फेरी होती. आमची गाडी बंद पडली म्हणून दुसऱ्या एका खात्याची जीप मागून घेतली. सकाळी साडेआठला एका ढाण्यावर, म्हणजे कोरकू आदिवासींच्या पाड्यावर, पोचलो तर सगळ्या घरांना कड्या. चुली गरम होत्या. एका अंगणात मक्याची कणसं अर्धवट सोलून टाकलेली, कोंबड्या त्यावर तुटून पडलेल्या. माणूस एक नाही. फक्त एक म्हातारी ओट्यावर बसून होती, कारण तिला पळता येत नव्हतं. आमच्या एमपीडब्ल्यूला, म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याला, कोरकू बोली चांगली येत असे. त्याने तिला विचारलं, सगळे कुठे गेले? तिने व्हॅक्सीन कॅरिअरकडे, लसीच्या थंड पेटीकडे, पाहिलंसुद्धा नाही. तिने बोट दाखवलं जीपकडे, आणि मग आमच्या मदतनिसाच्या हातातल्या खडूकडे.

आठ दिवसांपूर्वी त्याच जीपमधून काही माणसं आली होती. घरं मोजली, दारांवर खडूने आकडे टाकले, कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. गाव उठवणार अशी हवा तेव्हा होतीच. आता तीच जीप आली होती आणि पोलिओच्या पद्धतीप्रमाणे आम्हीही प्रत्येक दारावर खूण करणार होतो, काम झालेल्या घरावर एक, राहिलेल्या घरावर दुसरी. त्या माणसांना थेंबांबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. ती आपलं घर वाचवायला रानात पळाली होती.

त्या दिवशीच्या अहवालात मी लिहिलं: नकार, ३८ घरं. नकाराचं कारण लिहायला त्या तक्त्यात रकाना नव्हता. वर जिल्ह्याला आणि पुढे राज्याला गेलं ते एवढंच, की अमुक ढाण्यावर ३८ घरांनी पोलिओचे थेंब नाकारले. तुमच्या तालुक्याच्या बैठकीत 'विज्ञानाचे वैरी' म्हणून जे आकडे वाचले जातात, त्यांच्यात असे किती खडू दडले असतील याचा विचार मी आजही करते.

दुसऱ्या दिवशी जीप परत पाठवली. कॅरिअर खांद्याला लावून सहा किलोमीटर चालत गेलो, खडू नेला नाही, खुणा वहीत केल्या. संध्याकाळपर्यंत बहुतेक पोरांच्या तोंडात थेंब पडले. दारांवर खुणा नाहीत म्हणून वरिष्ठांनी मला लेखी खुलासा मागितला. तो मी दिला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. विज्ञानाला होणारा विरोध आणि अन्याय यांचं नातं काय? मला वाटतं आपली पहिली चूक अशी होते की आपण 'विज्ञान' हा शब्द ज्ञानासाठी वापरतो, आणि लोकांच्या दारात मात्र ज्ञान एकटं कधीच जात नाही. ते गाडीतून जातं, कोणाच्या तरी हुकमाने जातं, कुठल्या तरी गणवेशात जातं. जीवाणू आणि प्रतिपिंडं दाराशी आलेल्या माणसाला दिसत नाहीत. त्याला हात दिसतो. त्या हाताने याआधी काय केलं, ते त्याला पाठ असतं.

महाराष्ट्राने याची सगळ्यात मोठी किंमत १८९७ च्या प्लेगमध्ये मोजली. शाळेत आपण ती गोष्ट क्रांतिकारकांची म्हणून शिकतो. मी ती सार्वजनिक आरोग्याची म्हणून वाचायला लागले तेव्हा मला माझं खातं त्यात दिसायला लागलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याने अधिकाऱ्यांना जवळपास काहीही करण्याची मुभा दिली. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या घेतल्या. सोजीर बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. बायकांना परक्या पुरुषांनी तपासल्याच्या, सामान रस्त्यावर जाळल्याच्या, चीजवस्तू लुबाडल्याच्या तक्रारी येत राहिल्या. या तक्रारी फक्त सनातनी मंडळींच्या होत्या असं समजू नका. पंडिता रमाबाई ख्रिस्ती होत्या, आधुनिक शिक्षणाच्या कैवारी होत्या, त्यांनीसुद्धा प्लेगच्या रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारने आरोप फेटाळले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रँडचे सोजीर ज्या ज्ञानाच्या नावाखाली घरं उकरत होते, ते ज्ञान तेव्हा अर्धंच होतं. येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जीवाणू शोधला होता, पण तो माणसापर्यंत उंदराच्या पिसवेमार्फत पोचतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं १८९८ मध्ये, म्हणजे रँडच्या खुनानंतर. ते पटायला आणखी काही वर्षं गेली. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे १८९७ मध्ये कौलं उतरवणं, जमीन खणणं, कपडे जाळणं, माणसांना ओढून छावणीत नेणं, यातलं बरंचसं पिसवेला रोखतच नव्हतं. खणल्यामुळे उंदीर शेजारच्या घरात पळत असतील ते वेगळंच. पुण्याचे लोक जे नाकारत होते त्याला तेव्हा विज्ञान म्हटलं जात होतं, पण त्यात विज्ञान थोडं होतं आणि सत्ता फार होती.

त्याच शहरात, त्याच साथीत दुसरा एक दवाखाना चालू होता. सावित्रीबाई फुले यांचा मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर ससाणे माळ्यावर प्लेगच्या रुग्णांसाठी तो उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. छावणी म्हटलं की लोक रोगी लपवत होते, आणि या दवाखान्यात आपला रोगी आणत होते. दोन्हीकडे रोग एकच होता. उपचारही काही फार वेगळे नव्हते, कारण तेव्हा कोणाकडेच रामबाण औषध नव्हतं. फरक होता पाठीचा आणि बुटाचा.

हाफकिनची प्लेगवरची लसही त्याच वेळची. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत ती बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तिच्याबद्दल अफवा उठल्या, पण लोकांनी ती सरसकट नाकारली नाही. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या माणसांसमोर टोचून घेतली तेव्हा मुंबईच्या खोजा समाजात मोठ्या संख्येने लोक पुढे आले. हुबळी-धारवाडकडे १८९८ मध्ये हजारोंनी घेतली. मग १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी टोचलेल्या १०७ जणांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खेड्यात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, असं पुढे समोर आलं. सरकारने मात्र दोष प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर टाकला. त्यांना निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. मला यातून माझ्या कामापुरती एक गोष्ट मिळाली: चूक झाली की संस्था आधी स्वतःची कातडी वाचवते, आणि लोकांना लसीतला दोष विसरता येतो, पण लपवाछपवी विसरता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या गावात 'सुईने वंश बंद होतो' म्हणतात. ही अफवा आहे, शंभर टक्के खोटी आहे, आणि तसं तुम्ही स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पण ती आभाळातून पडलेली नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना कोटा होता. पगार अडवले जात, परवाने अडवले जात. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पकडून नेले गेले ते बहुतेक गरीब, दलित, आदिवासी, मुसलमान. ज्याच्याकडे ओळख आणि पैसा होता तो सुटला. त्या पिढीचे आजोबा आजही ओट्यावर बसलेले आहेत, डॉक्टर. तुम्ही मुलाला सुई द्यायला आलात की ते आठवतात ते तुमच्या जन्माआधीचं.

त्या एका वर्षाचं ओझं पुढे कोणावर पडलं, तेही पाहा. पुरुष नसबंदीचं नावच बदनाम झालं आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदी जवळपास ३८ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के दिसली. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, हे आपण दोघेही जाणतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर १३ बायका गेल्या. उद्दिष्ट नावाची वस्तू माणसाला काय करायला लावते, ते मी शिबिरांच्या ड्युटीत स्वतः पाहिलं आहे. टेबलावरची बाई उठायच्या आधी दुसरीला दारात उभं केलेलं असायचं.

पोलिओच्या वेळी हे सगळं उत्तर प्रदेशात उसळून वर आलं. २००२ मध्ये देशात पोलिओचे १६०० रुग्ण होते, त्यातले १२४२ एकट्या उत्तर प्रदेशात. पश्चिम भागातल्या गरीब मुसलमान वस्त्यांत 'हे थेंब नसबंदीचे आहेत' ही समजूत घट्ट होती. लोकांचं म्हणणं असं, की ज्या वस्तीत गटार नाही, नळ नाही, बाळंतपणाला सिस्टर येत नाही, तिथे सरकार दोन थेंबांसाठी महिन्या-दोन महिन्यांनी दार का ठोठावतं? मला तर तो प्रश्न अगदी शास्त्रीय वाटतो. जे कधी विचारत नव्हते ते एकाएकी एवढे का विचारतात, याचं कारण शोधणं हीच तर चिकित्सा. तिथे उत्तर मिळालं ते पोलिसांकडून मिळालं नाही. त्याच मोहल्ल्यातल्या बायकांना समन्वयक म्हणून नेमलं, मौलवींशी आणि अलीगढ, जामिया मिलियासारख्या विद्यापीठांशी बोलणी केली, थेंबांबरोबर इतर औषधोपचाराची शिबिरं घेतली. वेळ लागला. पण जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो. घरोघर जाऊन उभ्या राहिलेल्या बायकांचं ते यश आहे.

आणि अविश्वासाला खतपाणी कसं मिळतं त्याचं आपल्याच काळातलं उदाहरण घ्या. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी, लस एका प्रकल्पात दिली गेली. खम्मममधल्या पुष्कळ मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. किती तरी संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. नंतर झालेले मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीत म्हटलं गेलं, पण संमतीच्या पद्धतीवर २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. ही लस चांगली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्या खाटेशी उभं राहवत नाही असा तो मृत्यू असतो. म्हणूनच मला त्या वॉर्डनच्या सहीचा जास्त राग येतो. मुलीच्या आईला विचारायचे चार शब्द वाचवले आणि एका चांगल्या लसीला कित्येक वर्षं मागे ढकललं.

आता भूमका-भगताचं. इथे मी तुमच्या कार्यकर्त्या मित्रांपासून थोडी वेगळी होते.

आमच्याकडे डंबा देतात. बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला की विळा तापवून पोटावर चटके. न्यूमोनियाने धापा टाकणारं चार महिन्यांचं बाळ, पोटावर ओळीने चटके, अशा अवस्थेत माझ्या टेबलावर आलेलं आहे आणि गेलेलं आहे. त्या बाळाच्या पोटावरच्या चटक्याला मी कुठलीही संस्कृती, कुठलाही प्रतिकार म्हणणार नाही. तो चटका चूकच. करणी केली म्हणून एखाद्या विधवेला डाकीण ठरवून मारहाण करणं, तिला गावाबाहेर काढणं, हेसुद्धा चूकच, आणि त्यामागे बहुतेक वेळा तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो. अन्यायग्रस्त माणूस दुसऱ्यावर अन्याय करत नाही असं काही नाही.

म्हणून मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवून घेतला आहे. विज्ञान मान्य केल्याने या विरोध करणाऱ्याचं काय जाईल, अंग की अधिकार? ज्या बाईला विचारल्याशिवाय तिच्या अंगात काही बसवलं गेलं, ती पुढच्या वेळी केंद्रावर येत नाही. तिला आपलं अंग वाचवायचं असतं. गंडेदोरे आणि मठ यांच्या जोरावर गाडीघोडा केलेला बुवा जेव्हा 'विज्ञान आमच्या श्रद्धेवर घाला घालतं' म्हणतो, तेव्हा त्याला गादी वाचवायची असते. दोघांचे शब्द सारखेच ऐकू येतात आणि बुवा त्याचा पुरेपूर फायदा घेतो, त्या बाईच्या भीतीची ढाल करतो. १८९७ मध्येसुद्धा दोन्ही गोष्टी एकाच गर्दीत होत्या. बायकांच्या विटंबनेचा संताप खरा होता, आणि रुग्णालयात आपल्याला खालच्या जातीच्या शेजारी निजावं लागेल ही तक्रारही तेवढ्याच जोराने चालू होती. मुंबईत जातीजातींची वेगळी प्लेग रुग्णालयं निघाली ती त्यामुळेच. पहिल्यापुढे मान झुकवायची. दुसऱ्याला नाही म्हणायचं.

डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कित्येक वर्षं राज्यभर हिंडले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. सहाच दिवसांत सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. त्या कायद्याची अनुसूची एकदा नीट वाचा, कारण ती आपल्या कामाची आहे. देवाला हात जोडायला त्यात कुठेही बंदी नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. करणीच्या नावाखाली एखाद्याला छळणं हा गुन्हा आहे. म्हणजे रक्षण कोणाचं? त्या सर्पदंशाच्या पेशंटचं, त्या विधवेचं. हा कायदा नको म्हणणारे ढाण्यावरचे नव्हते.

आणि भूमका? तो त्या घाबरलेल्या बाईच्या आणि त्या बुवाच्या मधला. तो स्वतः गरीब असतो, मजुरीला जातो, रात्री दोनला बोलावलं तरी येतो, रोग्याच्या बोलीत बोलतो, हात धरून बसतो. आपलं केंद्र रात्री दोनला काय करतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी भूमकांशी भांडण्यात पहिली पाच वर्षं घालवली. नंतर एकाला घेऊन वॉर्डात बसले, त्याच्यासमोर धाप लागलेल्या बाळाचे श्वास मिनिटभर मोजले, औषध दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. श्वास मोजायला तोही शिकला. डंबा त्याने लगेच सोडला नाही. पण पेशंट पाठवायला लागला, आधी चटका देऊन, मग चटक्याशिवाय. त्याच्या पूजेला मी हात लावला नाही.

आपल्या घरातलंही बोलते. आधुनिक वैद्यक हातात असलेले सगळे विज्ञानाच्या बाजूचे, असं तुम्हाला वाटत असेल तर बीड जिल्हा पाहा. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या कित्येक ऐन तिशीतल्या. उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली, कोयता म्हणजे तोडणीची जोडी नवरा-बायकोची मिळून, एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. पाळीत खाडा नको, अंगावरून पांढरं जातं त्याला साधं औषध मिळत नाही, आणि कुणीतरी पदवीधर सांगतो की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. हे सांगणारा पदवीधर शास्त्राच्या विरुद्ध बोलत होता. त्याला कोणत्याही बैठकीत कोणी विज्ञानाचा वैरी म्हटलं नाही.

आता तुमच्या गावांचं.

पहिलं गाव म्हणतं पोरं तापतात. बरोबरच म्हणतात. लसींनी ताप येतो. दीड महिन्याच्या पेंटाने, पाच रोगांवरच्या एकत्र लसीने, तर येतोच, पाय सुजतो, बाळ रात्रभर रडतं. दुसऱ्या दिवशी त्या आईला कामावर जाता येत नाही, म्हणजे एका सुईची किंमत एक दिवसाची मजुरी. तुमच्या सिस्टरने हे आधी सांगितलं होतं का? पॅरासिटामॉलची बाटली हातात दिली होती का, की स्टॉक संपला होता? माझ्याकडे एक आई सलग तीन सत्रांना आली नाही. घरी गेले तर म्हणाली, "पोरगी तापली तेव्हा तुमची गाडी नव्हती, आज गाडी कुठून आली?" मी तिच्या अंगणात बसून राहिले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाही हे मी तिला सांगितलं. सत्राची वेळही तपासा. गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की चार तासांत फेकावी लागते, म्हणून सिस्टर दहाला कुपी उघडते आणि दुपारी बॉक्स बंद करून निघते. बायका त्या वेळी रानात असतात. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सत्र लावता येतं. आराखड्यात बदल करायला टीएचओंची, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची, सही लागते. ती मिळवणं हे तुमचं काम आहे, त्या बायकांचं नव्हे.

दुसऱ्या गावात अफवा खोडायला माईक लावू नका. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांकडे जा आणि विचारा की या गावातल्या कोणाला त्या वेळी नेलं होतं. ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. आपल्या खात्याने ते केलं, चूक केलं, एवढं तुमच्या तोंडून निघू दे. मग सांगा की ही सुई गोवरची आहे आणि गोवर का वाईट. ते मात्र पूर्ण जोर लावून सांगा, कारण कुपोषित पोराला झालेला गोवर न्यूमोनिया होऊन मारतो, जुलाबाने मारतो, डोळे घेऊन जातो, आणि गोवरच्या एका रुग्णापासून लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. लोकांचा राग समजून घेणं म्हणजे लस ऐच्छिक गंमत आहे असं वागणं नव्हे. लस प्रत्येक पोराला मिळायलाच हवी. तुमच्या स्वतःच्या बाळाला दिली असेल तर तेही सांगा, माणसं ते विचारतात.

नोंदवहीत नकारापुढे एक रकाना हाताने आखा आणि कारण त्या माणसाच्याच शब्दांत लिहा. 'गैरसमज' हा शब्द लिहू नका, तो आपला निकाल आहे, त्यांचं कारण नव्हे.

तिसरं गाव मला सगळ्यात अवघड वाटतं. जे भांडत नाहीत आणि नुसते उठून जातात, त्यांना बोलून उपयोग नाही हे कधीतरी पटलेलं असतं. माझ्या अनुभवात अशा गप्प गावांचं मूळ पुष्कळदा लसीत नसतं, लेबर रूममध्ये असतं. ओरडणाऱ्या पोरीच्या मांडीवर मारलेली चापट, 'तेव्हा नाही लाज वाटली' हे वाक्य, न विचारता बसवलेली कॉपर-टी, नाळ कापायच्या आधी मागितलेले पैसे. हे आपल्या केंद्रांवर झालेलं आहे, माझ्या ड्युटीत शेजारच्या खोलीत झालेलं आहे, आणि पहिली काही वर्षं मी दार लोटून घेत होते. म्हणून लसीचा विषय काढायच्या आधी त्या गावच्या आशाताईला एकटीला गाठा, चहा घ्या, आणि विचारा की तिच्या गावची शेवटची बाळंतीण आपल्या केंद्रावर कधी आली होती, आणि तिच्याशी आपलं कोण काय बोललं होतं.